कण्हेर आणि हृदयातला पंप

‘कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला तीच बरी,’ असं सातारा भागात सर्रास ऐकू येतं. पुणे-बंगळूर महामार्गाच्या दुभाजकांतही ती दिसते. पाणी कमी लागतं, धूर-धूळ सोसते, वर्षभर फुलते. पण जनावर तोंड लावत नाही हे उभ्या झाडापुरतं खरं. छाटलेली फांदी वाळली की पानांचा कडूपणा उतरतो, विष मात्र उतरत नाही.

या विषाचं नाव ओलिअँड्रिन. बंगल्यांच्या दारातल्या पिवळ्या बिट्टीतही याच जातीची द्रव्यं असतात, आणि त्यांची करणी विलक्षण आहे. आपल्या पेशींच्या पटलात सोडियम-पोटॅशियम पंप नावाचं प्रथिन असतं. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून ते तीन सोडियम आयन (विद्युतभार असलेले अणू) बाहेर टाकतं, दोन पोटॅशियम आयन आत घेतं. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊंनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंवर काम करून ते दाखवलं. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ओलिअँड्रिन या पंपाला बाहेरून चिकटतं आणि तो अडतो, विहिरीवरच्या मोटरीच्या फुटव्हॉल्व्हमध्ये चिंधी बसावी तसा. पेशीत सोडियम साठतो. हृदयाच्या पेशीत शेजारीच दुसरं प्रथिन असतं: तीन सोडियम आत घ्यायचे, त्या बदल्यात एक कॅल्शियम बाहेर सोडायचा. आतच सोडियम जास्त झाला की ही अदलाबदल मंदावते आणि कॅल्शियम आत राहतो. स्नायू आकसतो तो कॅल्शियममुळेच. म्हणून आधी ठोका जोरकस होतो, मग ताल बिघडतो.

डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध याच पंपावर चालतं. तिथं मात्रा काटेकोर मोजलेली असते, पानामुळांत ती झाडागणिक बदलते. म्हणून कण्हेरीच्या मुळीचा काढा सांगणाऱ्या वैदूचं अजिबात ऐकू नये. उकळून हे विष जात नाही. २०२० मध्ये अमेरिकेत ओलिअँड्रिन कोरोनावरचा उपाय म्हणून गाजवलं गेलं, तेव्हाही माणसांवरच्या चाचण्यांचा आधार नव्हता.

माण-खटावचे मेंढपाळ कळप घेऊन रस्त्याकडेनेच चालतात. छाटणीचा ढीग तिथं वाळत पडला, तर भुकेली मेंढी तो खाणारच. फांद्या त्याच दिवशी उचलाव्यात, खड्ड्यात पुराव्यात. जाळू नयेत, धूरही बाधतो. जनावरानं पाला खाल्लाच, तर दूध-तूप पाजत वेळ घालवू नये. पाल्याची डहाळी सोबत घेऊन थेट पशुवैद्य गाठावा.