डावखुऱ्याला बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉप खेळायला बंदी आहे का?

"डावखुरा माणूस प्रोफेशनल बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभा राहणारा फिल्डर) होऊच शकत नाही, नियमच आहे तसा" असा एक मेसेज फिरत असतो. मॅचमध्ये तिथे डावखुरा दिसतच नाही म्हटल्यावर असं वाटणं साहजिक आहे. पण नियमात अशी बंदी नाहीये. रूलबुक नेटवर फुकट मिळतं, फिल्डर्सचा भाग वाचा, ग्लोव्हच्या साइजचे नियम सापडतील, कोणत्या हाताने फेकायचं याबद्दल काही नाही.

मग दिसत का नाहीत, तर कारण भूमितीचं आहे. कागदावर डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन काढा, खाली होम (बॅटर उभा राहतो ती जागा), मग घड्याळाच्या उलट फर्स्ट, सेकंड, थर्ड, आणि सेकंड-थर्डच्या मध्ये होमकडे तोंड करून उभं राहिल्याची कल्पना करा. फर्स्ट बेस तुमच्या डावीकडे येतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा खांदा आधीच तिकडे असतो, बॉल उचलला की फेकला. डावखुऱ्याला उजवा खांदा तिकडे न्यायला अख्खं अंग फिरवावं लागतं, आणि बॉल बॅटरच्या आधी फर्स्टला पोचला तरच तो आउट, बॅटर तर सव्वाचार सेकंदांच्या आसपास तिथे पोचतो, म्हणजे अर्धा सेकंद गेला की संपलंच!

फर्स्ट बेसवर मात्र हेच गणित उलटं, तिथे डावखुरा उलट फायद्यात. म्हणून कोच लोक अशा पोरांना लहानपणीच फर्स्ट बेस, आउटफिल्ड नाहीतर पिचिंगला (बॅटरला बॉल टाकायला) टाकतात, पुढे प्रो लेव्हलला शॉर्टस्टॉपला डावखुरा उरणार कुठून?

आणि हो, हे फक्त फेकण्याबद्दल. डाव्या बाजूने बॅटिंग करणारे शॉर्टस्टॉप भरपूर आहेत.