पदकतक्त्यातला ‘पहिला देश’ ठरवतं कोण?

हिवाळी ऑलिम्पिक आलं की ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पदकांचा आलेख फिरतो. खाली ठरलेली ओळ: ‘ऑलिम्पिक समितीने जाहीर केलेला विजेता देश.’ हे चूक आहे. समिती कुठल्याही देशाला विजेता ठरवत नाही; स्पर्धा खेळाडूंमधली, देशांमधली नव्हे, असं तिच्या सनदेतच लिहिलंय.

व्हँकुव्हरचं २०१० चं हिवाळी ऑलिम्पिक घ्या. अमेरिकेची पदकं ३७, त्यात सुवर्ण ९. कॅनडाची एकूण २६, पण सुवर्ण १४. एकूण मोजलीत तर अमेरिका पुढे, सुवर्ण मोजलीत तर कॅनडा. म्हणजे दोघांनाही आपापल्या सोयीची पद्धत वापरता येते.

माझ्या भाचीने शाळेच्या प्रकल्पाला याच एकूण पदकांचे स्तंभ काढले होते. उभा अक्ष २० पासून सुरू! कॅनडाचा स्तंभ ६ चौकटींचा, अमेरिकेचा १७, जवळजवळ तिप्पट. शून्यापासून पुन्हा काढायला लावले, तर फरक दीडपटही नाही. आलेखात आधी हेच बघावं.

लोकसंख्येने भागलं तर चित्र आणखी पालटतं. जेमतेम ४० हजार वस्तीच्या लिश्टेनस्टाइन या युरोपातल्या देशाने २०२२ पर्यंत १० हिवाळी पदकं मिळवली, सगळी अल्पाइन स्कीइंगमध्ये, म्हणजे बर्फाळ उतारावरून घसरत उतरण्याच्या शर्यतींत. आपलं ठाणे शहर २०११ च्या जनगणनेतच १८ लाखांवर होतं.