पडद्यावरची पावती: स्क्रीनशॉटची पार्श्वभूमी

पीकविम्याचा अर्ज भरून झाला, पडद्यावर अर्ज क्रमांक आला आणि नेमका तेव्हाच प्रिंटर अडला, तर आर्णी असो की मंगरूळपीर, ऑनलाइन सेंटरवरचा पोरगा एकच सांगतो: "काका, स्क्रीनशॉट मारून देतो, मोबाइलात जपून ठेवजा." शिष्यवृत्ती, ई-पीक पाहणी, धान किंवा कापूस विक्रीची नोंदणी, उत्पन्नाचा दाखला, अशा कितीतरी कामांची पावती आज विदर्भातल्या गावांत गॅलरीतलं एक चित्र होऊन फिरते. पुढे यादीत नाव आलं नाही, रक्कम जमा झाली नाही, तर तलाठ्याकडे, कृषी कार्यालयात किंवा बँकेत तेच चित्र पुढे करायचं. हे चित्र कसं बनतं, कुठे साठतं आणि त्यावर किती भिस्त ठेवता येते, हा प्रश्न म्हणूनच शेतकऱ्याच्या हक्काचा आहे. त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं, कारण आज सेंटरवर येणाऱ्या बऱ्याच अडचणींचं मूळ तिकडेच आहे.

सुरुवातीच्या काळात पडद्यावरचं दृश्य टिपायचं तर कॅमेराच लागे. प्रयोगशाळांत ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचे चढउतार दाखवणाऱ्या यंत्रावर, क्षणभर उमटणारी रेघ पकडायला पोलरॉइड कॅमेरे वापरत आणि बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून पडदा व भिंग यांच्यामध्ये बंदिस्त खोका बसवत. संगणकाच्या पडद्यालाही हीच युक्ती लागू पडली. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर सगळं चित्र एकदम उमटत नसे. इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली एकेक ओळ उजळत जाई. शटर फार झपाट्यानं मिटलं, तर फोटोत पडद्याचा एक भाग काळा येई. म्हणून खोलीत अंधार करायचा, कॅमेरा तिवईवर ठेवायचा आणि सावकाश फोटो काढायचा. 1980च्या दशकात अमेरिकेतली ॲक्टिव्हिजन ही कंपनी व्हिडिओ गेममध्ये ठरावीक गुण मिळवणाऱ्याला कापडी बिल्ला पाठवी, आणि पुरावा म्हणून टीव्हीच्या पडद्याचा फोटो टपालानं मागवी. पडद्यावरचा आकडा दूरच्या माणसाला पटवून द्यायची गरज तेव्हाही होती.

ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याच्या कीबोर्डवर गुणाकाराच्या फुलीशेजारी 'प्रिंट स्क्रीन'ची आखूड अक्षरं छापलेली होती. शिफ्ट धरून ते बटण दाबलं, की पडद्यावरच्या 80 रकान्यांच्या 25 ओळी, म्हणजे जास्तीत जास्त 2000 अक्षरं, एकामागोमाग एक प्रिंटरकडे जात आणि कागदावर उतरत. बटणाचं काम एवढंच. फाइल बनत नसे, चित्र बनत नसे, काही साठत नसे. चित्रं छापायची सोय 1983 च्या डॉसमध्ये, म्हणजे पीसी चालवणाऱ्या तेव्हाच्या प्रणालीत, एका वेगळ्या आज्ञेनं झाली. आज ज्या बटणानं आपण कागदाविना पावती काढतो, ते बटण मुळात कागदावर पावती काढण्यासाठीच होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं: पडद्यावर दिसलेलं माणसाच्या हातात राहिलं पाहिजे, ही जाणीव पीसी बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून होती.

पडदा थेट फाइलमध्ये साठवण्याचं काम 1984 मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशनं केलं. कमांड, शिफ्ट आणि 3 ही बटणं एकत्र दाबली, की पडद्याचं चित्र डिस्कवर उतरे आणि मॅकपेंट या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये उघडता येई. आजच्या मॅकवरही तीच तीन बटणं चालतात.

विंडोजनं मात्र वेगळी वाट धरली, आणि आपल्याकडे विंडोजच आली. त्या वाटेत प्रिंट स्क्रीन दाबलं, की चित्र क्लिपबोर्डवर जाई. क्लिपबोर्ड म्हणजे संगणकाच्या चालू स्मृतीतली तात्पुरती जागा. तिथे एका वेळी एकच वस्तू मावते. दुसरं काही कॉपी केलं, की पहिलं पुसलं जातं. पुढचं सगळं माणसानं करायचं: पेंट उघडा, पेस्ट मारा, नाव द्या, सेव्ह करा. फक्त समोरची खिडकी हवी असेल, तर ऑल्ट धरून तेच बटण दाबा. या शतकाच्या सुरुवातीला तालुक्याच्या गावांत एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले, तेव्हा अनेक मुलामुलींच्या हाताला पेंटची आणि या बटणांची पहिली ओळख तिथेच झाली. पण त्याच काळात विदर्भात भारनियमन होतं. चालू स्मृतीतलं चित्र वीज जाताच नाहीसं होतं. बटण दाबणं आणि सेव्ह करणं यांच्यामध्ये लाइट गेली आणि बॅटरीचा आधार नसला, तर त्या क्षणाचा पुरावा गेला. ज्या शहरात वीज जात नाही, तिथे बसून ही पद्धत आखणाऱ्याला त्यात धोका दिसला नसेल. घाटंजीच्या कॅफेत तो रोजचा होता.

साठवण्याचीही अडचण होती. विंडोज 98 आणि एक्सपीच्या काळात पेंट बीएमपी प्रकारची फाइल बनवी. त्यात पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचे रंग जसेच्या तसे, कसलीही आटोपशीर मांडणी न करता लिहिलेले असत. 800 गुणिले 600 ठिपक्यांचा पडदा, प्रत्येक ठिपक्याला 3 बाइट, म्हणजे झाले 14,40,000 बाइट. 1.44 एमबीच्या फ्लॉपीत असं एकच चित्र कसंबसं बसे. पडदा 1024 गुणिले 768 चा असला, तर चित्र 23 लाख बाइटांच्या पुढे जाई आणि फ्लॉपी अपुरी पडे.

फाइल लहान करायचे जे उपाय निघाले, त्यातला जेपीईजी 1992 चा. तो फोटोंसाठी बनलेला आहे. चित्राचे 8 गुणिले 8 ठिपक्यांचे तुकडे करायचे आणि डोळ्याला सहज जाणवत नाहीत असे बारकावे सोडून द्यायचे, ही त्याची रीत. शेताच्या, माणसांच्या, आभाळाच्या फोटोत ती छान चालते, कारण तिथे रंग हळूहळू बदलतो. पांढऱ्या पानावरच्या काळ्या अक्षराची कड मात्र एकदम तुटते. तिथे जेपीईजी अक्षराभोवती धुरकट ठिपके सोडतो. 8 चा 3 वाटतो, 6 चा 5. देवनागरीत अनुस्वार आणि रफार आधी जातात. खाते क्रमांकात एक आकडा पुसट झाला, तर पावती असून नसल्यासारखी.

अक्षरं नीट राखणारा जीआयएफ 1987 पासून होता, पण तो फार तर 256 रंग दाखवी, शिवाय त्यातल्या संकुचनाच्या तंत्रावर पेटंट होतं. 1994 च्या अखेरीस पेटंटधारक युनिसिस आणि जीआयएफचे जनक कॉम्प्युसर्व्ह यांनी त्या वापरासाठी परवाना शुल्काची घोषणा केली. त्यावर जगभरच्या प्रोग्रॅमरांनी इंटरनेटवर चर्चा करून नवा, सर्वांना मोकळा असा प्रकार घडवला: पीएनजी. त्याची रचना ऑक्टोबर 1996 मध्ये अधिकृत झाली. पीएनजीत एकही ठिपका गमावला जात नाही. शेजारच्या ठिपक्यावरून पुढचा ओळखायचा आणि फरक तेवढा लिहायचा, या युक्तीमुळे कोऱ्या पार्श्वभूमीवरचा सरकारी अर्ज फार थोड्या जागेत मावतो. सेंटरवर ‘केबी कमी करा’ म्हणून पावतीचं चित्र जेपीईजीत रूपांतरित करतात, तेव्हा बहुधा त्याची गरज नसते. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलेली पावतीही अशीच दाबली जाते. तीच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

गावात स्क्रीनशॉटची गरज वाढली ती सरकारी कामं ऑनलाइन गेल्यावर. नागरी सुविधा केंद्रांच्या योजनेला केंद्र सरकारनं 2006 मध्ये मंजुरी दिली. त्यानंतर ग्रामपंचायतींत संगणक आले, सेतू केंद्रं होतीच, मग 'आपले सरकार' आलं. 2016 च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजना लागू झाली. त्यात गारपीट, पूर अशा स्थानिक आपत्तीतल्या नुकसानीची खबर आधी 48 आणि 2018 मधल्या बदलानंतर 72 तासांच्या आत द्यायची अट होती, आणि खबर दिल्याची खूण म्हणजे पडद्यावर येणारा क्रमांक. 2017 च्या पावसाळ्यात कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायला केंद्रांवर रात्री उशिरापर्यंत रांगा लागल्या. 15 ऑगस्ट 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. 2025 मध्ये हमीभावानं कापूस विकायलाही भारतीय कापूस महामंडळाच्या ॲपवर नोंदणी आली. प्रत्येक टप्प्यावर शिक्का-सहीची पावती कमी होत गेली आणि पुरावा सांभाळायचं ओझं शेतकऱ्याकडे सरकलं. सर्व्हर डाऊन असताना अर्ज भरायचा प्रयत्न केला होता, हे दाखवायला तर त्याच्याकडे दुसरं काहीच नसतं.

सुदैवानं याच वर्षांत साठवणं सोपं झालं. कापून हवा तेवढाच भाग घेणारं स्निपिंग टूल आधी टॅब्लेट पीसीसाठी निघालं आणि 2007 च्या व्हिस्टामध्ये विंडोजचा भाग झालं. 2012 च्या विंडोज 8 मध्ये विंडोज आणि प्रिंट स्क्रीन ही बटणं एकत्र दाबली, की चित्र आपोआप ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरात पीएनजी म्हणून जमा होऊ लागलं. क्लिपबोर्ड आणि पेंटची वारी संपली. लाइट गेली तरी फाइल डिस्कवर. माझ्या मते गावाच्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच, आणि तरीही कित्येक सेंटरांवर अजून पेंटच उघडलं जातं. हवा तेवढा भाग निवडण्यासाठी विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं 2017 पासून आहेत. मोबाइलमध्ये अँड्रॉइड 4.0 नं 2011 मध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबायची सोय सगळ्यांना दिली.

पावतीसाठी मात्र भाग कापून घेण्यापेक्षा पूर्ण पडदा बरा. त्यात वरचा वेबसाइटचा पत्ता आणि खालच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ येते. अर्ज लांबलचक असला, तर पडद्यावर दिसतो तेवढाच भाग येतो. तिथे विंडोज 10 पासून असलेली थेट पीडीएफमध्ये छापायची सोय किंवा फायरफॉक्समधली पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्यायची सोय कामी येते.

कापण्याबद्दल आणखी एक गोष्ट. मार्च 2023 मध्ये उघड झालं, की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या आणि विंडोजमधल्या कापायच्या साधनांत दोष होता: कापलेलं चित्र जुन्याच फाइलवर सेव्ह केलं, तर कापून टाकलेल्या भागाची माहिती फाइलच्या शेपटाला तशीच उरे आणि जाणकाराला तो भाग बऱ्याच अंशी परत मिळवता येई. पिक्सेलवर हे 2018 पासून चाललं होतं. दुरुस्ती लगेच झाली, पण आधी पाठवलेली चित्रं आहेत तशीच राहिली. आधार क्रमांक कापून पावती पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाशी याचा संबंध आहे. सेंटरच्या संगणकावर दिवसभरात जमलेले सगळ्यांचे स्क्रीनशॉट एकाच फोल्डरात पडून असतात, याचाही. "माझ्या मोबाइलात आलं नं, आता तुमच्याकडचं मिटवा," असं म्हणायचा प्रत्येक शेतकऱ्याला अधिकार आहे आणि त्यानं ते म्हणावं.

बँकांची काही ॲप्स स्क्रीनशॉट घेऊच देत नाहीत. अँड्रॉइडमध्ये तशी मनाई लावता येते. मग लोक शेजाऱ्याच्या मोबाइलनं आपल्या मोबाइलच्या पडद्याचा फोटो काढतात.

यूपीआय आल्यावर आठवडी बाजारात पैसे दिल्याचे बनावट स्क्रीनशॉट दाखवून दुकानदारांना फसवण्याचे प्रकार झाले, त्यामुळे आता किराणा दुकानदार चित्र बघत नाही, रक्कम बोलून दाखवणाऱ्या डब्याच्या आवाजाची वाट पाहतो. ब्राउझरमध्ये पानावरचा मजकूर बदलून स्क्रीनशॉट काढणं अवघड नाही. म्हणून कचेरीत चित्रापेक्षा त्यातल्या अर्ज क्रमांकाला किंमत जास्त: तो यंत्रणेत टाकून नोंद तपासता येते. स्क्रीनशॉटमध्ये तो क्रमांक स्वच्छ वाचता आला पाहिजे, बाकी सगळं नंतर. महाभूलेखवर फुकट दिसणाऱ्या सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट कितीही स्पष्ट असला तरी तो फक्त माहितीपुरता. कामासाठी डिजिटल सहीचा उताराच काढावा लागतो.

प्रकरण कोर्टात गेलं, तर कायद्याची बाजूही बदलत आली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यानं 2000 मध्ये पुरावा कायद्यात 65ब हे कलम घातलं: संगणकातल्या नोंदीची नक्कल प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून मानायची सोय त्यात होती. जालन्याच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2020 मध्ये स्पष्ट केलं, की मूळ यंत्र कोर्टात हजर करता येत असेल आणि त्याचा मालक साक्ष देत असेल, तर त्या कलमाखालच्या प्रमाणपत्राची गरज नाही. नक्कल दाखल करायची असेल, तर प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 त्या जागी आलं, आणि त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमतही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून काढलेला आकडा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला, तरी तो बदलतो. व्हॉट्सॲपवर दाबली गेलेली प्रत आणि मूळ पीएनजी यांचे हॅश त्यामुळे वेगळे येतात. विम्याचा किंवा अनुदानाचा वाद मिटेपर्यंत ज्या मोबाइलात मूळ स्क्रीनशॉट आहे तो विकू नये, फॉरमॅट मारू नये, आणि मूळ फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घरी ठेवावी.