लिव्हर अडकला म्हणजे ट्रान्स्फर केस गेली, असे नाही

दुसऱ्या महायुद्धातली विलीस एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू जीप दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसला आहे: फोर-व्हीलचा (चारही चाकांना ताकद देणारा) लिव्हर सुटत नसेल तर ट्रान्स्फर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरपेटी, खराब झाली. या समजापायी धडधाकट केस उघडल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खरे कारण बहुधा वेगळे असते. या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. फोर-व्हील लावले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो आणि दात एकमेकांवर दाबून बसतात. लिव्हर हलणार कसा?

गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ उतरतो आणि लिव्हर सहसा सुटतो.

सरळ रस्त्यावरही पीळ साठत असेल तर टायरचा घेर फीत लावून मोजा. पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर असतील तर दोष तिथेच आहे. एक्सल बदललेले असल्यास पुढचा-मागचा गिअर रेशो (चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टच्या किती फेऱ्या) जुळतो का तेही पाहा. मूळ गाडीत दोन्हीकडे 4.88 आहे.

लो रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) मात्र फोर-व्हील लावल्याशिवाय पडत नाही. तो बिघाड नाही, मागचा एक्सल वाचवण्यासाठी मुद्दाम ठेवलेली अडवणूक आहे. ती काढू नका.