व्हीपीएन जोडताना संगणक क्रॅश होणे

घरून किंवा बाहेरगावाहून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या सुरक्षित ‘बोगद्या’ने, ऑफिसच्या नेटवर्कला जोडून घेताना संगणक निळी स्क्रीन दाखवून बंद पडणे, आपोआप रीस्टार्ट होणे किंवा जागच्या जागी गोठणे. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क, खराडी, मगरपट्टा, तळवडे या भागांतल्या कंपन्यांमुळे पुण्यात व्हीपीएन वापरणारी घरे भरपूर आहेत. कॉल सेंटर आणि तत्सम सेवांना घरून काम देण्यावर पूर्वी दूरसंचार विभागाच्या कडक अटी होत्या. त्या १३ मार्च २०२० रोजी तात्पुरत्या शिथिल झाल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या नियमांनी बऱ्याचशा निघूनच गेल्या. तेव्हापासून हा बिघाड ऑफिसातून उठून कोथरूड-वाकडच्या बेडरूममध्ये आला, आणि तिथे शेजारच्या डेस्कवर सिस्टीमवाला बसलेला नसतो.

बहुतेकांचा पहिला संशय ब्रॉडबँडवर जातो. तो जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो. नेट मंद असेल किंवा तुटत असेल तर व्हीपीएन डिस्कनेक्ट होईल, कॉल अडकेल, फाइल उघडणार नाही. एवढ्याने विंडोज कोसळत नाही. अख्खी यंत्रणा कोसळते तेव्हा दोष त्याच संगणकात असतो, आणि बहुधा तो एखाद्या ड्रायव्हरचा, म्हणजे हार्डवेअरचा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा, असतो.

याचे कारण व्हीपीएनच्या रचनेत आहे. व्हीपीएन क्लायंट, म्हणजे आपल्याकडचा व्हीपीएनचा प्रोग्रॅम, संगणकात एक आभासी नेटवर्क कार्ड बसवतो. ऑफिसकडे जाणारा डेटा आधी या कार्डाकडे येतो, तिथे कूटबद्ध होतो आणि मग खऱ्या वायफाय कार्डातून बाहेर पडतो. या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो. वर्ड किंवा ब्राउझर चुकला तर तेवढाच प्रोग्रॅम बंद होतो. कर्नलमधला ड्रायव्हर चुकला की माहिती खराब होऊ नये म्हणून विंडोज स्वतःच थांबते. त्यातून अँटीव्हायरस, फायरवॉल आणि कंपनीचे देखरेखीचे सॉफ्टवेअर हे सगळे त्याच वाटेवर आपापले फिल्टर लावून बसलेले असतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. त्याचा व्हीपीएनशी संबंध नव्हता, पण गाभ्यात बसलेले एक सुरक्षा सॉफ्टवेअर काय करू शकते हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

क्रॅश नेमका कुठल्या क्षणी होतो, हा निदानातला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. ‘कनेक्ट’ दाबताक्षणी होत असेल तर आभासी कार्डाचा ड्रायव्हर बिघडलेला असतो किंवा एका व्हीपीएनचे दुसऱ्याशी जमत नसते. ज्याचे काम चालू आहे तो ग्राहक बदलला की कंपन्या नवे व्हीपीएन टाकतात आणि जुने तसेच राहते, त्यामुळे एकाच लॅपटॉपवर दोन-तीन व्हीपीएन सापडणे नवलाचे नाही. जोडणी झाल्यावर, मोठी फाइल ओढताना क्रॅश होत असेल तर वायफायचा ड्रायव्हर, अँटीव्हायरसचा फिल्टर किंवा सदोष रॅम तपासावी. लॅपटॉप झोपेतून उठताना किंवा नेटवर्क बदलताना क्रॅश होणे हा तिसरा प्रकार, आणि पुण्यात तो वारंवार दिसतो. लाइट जाते, राउटर बंद पडतो, माणूस मीटिंग चुकू नये म्हणून घाईने मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो. त्या क्षणी व्हीपीएनला आपला बोगदा एका कार्डावरून उचलून दुसऱ्यावर न्यावा लागतो आणि जुना ड्रायव्हर नेमका तिथे अडखळतो. अशा वेळी आधी व्हीपीएन डिस्कनेक्ट करावे, मग नेटवर्क बदलावे.

निळ्या स्क्रीनवर (विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांत ती काळी झाली आहे) स्टॉप कोड, म्हणजे क्रॅशच्या प्रकाराचे नाव, असतो आणि कधीकधी ‘व्हॉट फेल्ड’पुढे फाइलचे नावही असते. नेटवर्क ड्रायव्हरच्या बाबतीत ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ हा कोड नेहमीचा. मोबाइलने फोटो काढून ठेवावा. स्क्रीन लगेच निघून जात असेल तर सिस्टीमच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढावी. क्रॅशच्या वेळी मेमरीची छोटी प्रत सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरातल्या मिनिडंपमध्ये साठते. मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या मोफत साधनात ती उघडली की दोषी फाइलचा अंदाज मिळतो. मात्र पहिल्या ओळीवर विसंबू नये. तिथे बऱ्याचदा एनडीआयएस किंवा टीसीपीआयपी या विंडोजच्याच नेटवर्क फाइलींची नावे येतात. त्या फक्त घटनास्थळी हजर असतात. खालच्या कॉल स्टॅकमध्ये, म्हणजे क्रॅशआधी कोणी कोणाला काम सांगितले त्या यादीत, बाहेरच्या कंपनीचा ड्रायव्हर दिसतो का, हे पाहायचे. डिस्क क्लीनअपमध्ये या डंप फाइली पुसल्या जाऊ शकतात, म्हणून साफसफाईआधी त्यांची प्रत काढावी.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद लोकांना घाबरवते. ती एवढेच सांगते की संगणक रीतसर बंद झाला नाही. तिच्यातला बगचेक कोड (स्टॉप कोडचाच आकडा) शून्य असेल आणि डंपही नसेल, तर वीज, उष्णता किंवा पॉवर सप्लाय यांच्याकडे वळावे. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणे आणि मे महिन्यात वळवाच्या पावसात ती येत-जात राहणे पुणेकरांना सवयीचे आहे. घरच्या इन्व्हर्टरवर चालणारा डेस्कटॉप त्या क्षणार्धाच्या बदलात रीस्टार्ट होतो आणि खापर व्हीपीएनवर फुटते. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचे बटण असल्यास ते चालू करावे किंवा डेस्कटॉपला वेगळा यूपीएस लावावा.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी जुनी व्हीपीएन पूर्ण काढून रीस्टार्ट. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवून त्यांची उरलीसुरली आभासी कार्डे काढावीत. ‘वॅन मिनिपोर्ट’ नावाची कार्डे विंडोजची स्वतःची असतात, त्यांना हात लावू नये. त्यानंतर वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून घ्यावा आणि व्हीपीएनची ताजी आवृत्ती बसवावी. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ते अपडेट काढून पाहणे योग्यच. ११ जानेवारी २०२२ च्या विंडोज अपडेटने एलटूटीपी या प्रकारची व्हीपीएन जोडली जाईनाशी झाली होती आणि मायक्रोसॉफ्टला १७ जानेवारीला तातडीची दुरुस्ती द्यावी लागली.

क्रॅशसारखी दिसणारी पण क्रॅश नसलेली दोन दुखणी इथे नोंदवायला हवीत. व्हीपीएन जोडण्याआधी फाइल एक्सप्लोरर उघडला आणि त्यात ऑफिसचे नेटवर्क ड्राइव्ह मॅप केलेले असतील, तर तो सर्व्हर शोधत राहतो आणि सगळा संगणक हँग झाल्यासारखा वाटतो. दुसरे पाकिटाच्या आकाराचे: पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या ब्रॉडबँडच्या) जोडणीत डेटाच्या एका पाकिटात १५०० ऐवजी १४९२ बाइट मावतात, व्हीपीएनची भर पडली की मोठी पाकिटे अडकतात. लॉगिन होते आणि पुढे काहीच हलत नाही. व्हीपीएन कार्डाचा एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल मर्यादा, १४०० च्या आसपास आणला की बहुधा सुटते.

रिमोट डेस्कटॉप, म्हणजे घरून ऑफिसातला संगणक चालवण्याची सोय, वापरत असाल तर आधी कोणता संगणक पडला ते ठरवा. समोरची खिडकी गोठली आणि घरच्या संगणकाचे घड्याळ चालू आहे, तर ऑफिसातले मशीन झोपले, रीस्टार्ट झाले किंवा मधली जोडणी तुटली. तिथे घरच्या लॅपटॉपवर कितीही ड्रायव्हर बदलले तरी उपयोग नाही.

कंपनीच्या लॅपटॉपवर अ‍ॅडमिन राइट्स नसतात, त्यामुळे वरचे बरेचसे काम हेल्पडेस्कलाच करावे लागते. सेफ मोडमध्ये (मोजकेच ड्रायव्हर घेऊन चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाताना डिस्क कूटबद्ध ठेवणारा बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती हाताशी नसेल तर तिकडे वळू नये. टिकिटात ‘व्हीपीएन चालत नाही’ एवढेच लिहिले की ते नेटवर्क टीमकडे जाते आणि दोन दिवसांनी परत येते. क्रॅशची तारीख-वेळ, स्टॉप कोडचा फोटो, वायफाय होते की हॉटस्पॉट, आणि मिनिडंपची फाइल एवढे जोडले तर ते थेट डेस्कटॉप टीमकडे पोचते. लॅपटॉप फॉरमॅट करायचे ठरले तरी डंपची प्रत आधी काढून घ्यायला सांगावे, कारण तेच व्हीपीएन त्याच आवृत्तीत पुन्हा बसवले जाते आणि मग बिघाडही पुन्हा येतो.