मूर्च्छा व झटके यांचे इंग्रजीतील वैद्यकीय वर्णन

रुग्ण अचानक शुद्ध हरपून पडला किंवा त्याचे हातपाय झटकू लागले, तर त्या प्रसंगाची हकिगत इंग्रजीतून विचारून घेण्याची आणि केसपेपरवर उतरवण्याची रीत. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत नोकरीसाठी जाणारे डॉक्टर व परिचारिका वैद्यकीय इंग्रजी शिकताना तिचा सराव करतात. मोडलेले हाड एक्स-रेत दिसते. हा प्रसंग मात्र रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत संपलेला असतो आणि अपस्मार (फेफरे) असूनही नंतर काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, निर्दोष येऊ शकतो. म्हणून निदानाचा मोठा भार सांगणाऱ्याच्या शब्दांवर पडतो.

या सरावाचा पहिला नियम असा, की जे दिसले ते आधी सांगावे, रोगाचे नाव नंतर. घाईत 'सीझर' (seizure, म्हणजे झटका) असे लिहिले की तो शब्द पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत जातो. ब्रिटनमध्ये अपस्मार ठरला तर गाडी चालवणे थांबवावे लागते; साधारणपणे झटक्याविना एक वर्ष गेल्यावरच परवाना परत मिळतो. शिवाय हातपाय झटकले म्हणजे अपस्मारच, असे नाही. जर्मनीत झालेल्या आणि 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम मूर्च्छा आणून त्यांचे चित्रण केले होते. पूर्ण मूर्च्छा आलेल्या 42 जणांपैकी सुमारे 90 टक्के जणांच्या स्नायूंना झटके आले. पाहणाऱ्याला ती 'फिट'च वाटली असती.

त्यामुळे सुरुवातीला मोघम शब्दच योग्य ठरतात. 'ब्लॅकआउट' हा रुग्णाशी बोलताना सोयीचा. 'कोलॅप्स' म्हणजे कोसळला, इतकेच कळते. वयस्क ब्रिटिश रुग्ण 'फनी टर्न' म्हणतात. त्याचा अर्थ ज्याला त्याला विचारूनच घ्यावा लागतो. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2010 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेच्या शीर्षकातही कारण न सांगणारा शब्दप्रयोग आहे : 'ट्रान्झियंट लॉस ऑफ कॉन्शसनेस', म्हणजे थोड्या वेळापुरती शुद्ध हरपणे. कारण स्पष्ट झाल्यावर साध्या मूर्च्छेला 'फेंट' किंवा 'सिंकोपी' म्हणतात. अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2017 च्या वर्गीकरणात 'कॉम्प्लेक्स पार्शल' वगैरे झटक्यांच्या प्रकारांच्या संज्ञा बदलल्या. जुन्या कागदपत्रांत त्या अजून भेटतात, म्हणून ओळखीच्या हव्यात.

प्रश्न आधी, दरम्यान आणि नंतर या क्रमाने विचारतात. उभे होता की बसलेले? रक्त पाहिले, काही दुखले? घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली? ही मूर्च्छेकडे नेणारी उत्तरे. मान एका बाजूला वळणे, जीभ कडेला चावणे, शुद्ध आल्यावर बराच वेळ गोंधळलेले असणे ही अपस्माराकडे. यातले बरेचसे रुग्णाला ठाऊकच नसते. शेजारी असलेल्याला किंवा घरच्यांना विचारावे लागते. नोंद करताना रुग्णाचे म्हणणे आणि साक्षीदाराचे म्हणणे वेगवेगळे लिहावे.

इंग्लंडमधील शेफील्ड येथे मेंदूविकारतज्ज्ञ मार्कुस रॉयबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या बोलण्याचा बारकाईने अभ्यास केला. अपस्माराचे रुग्ण झटक्याच्या आधीची जाणीव नेमकी पकडण्यासाठी शब्द शोधत राहतात आणि झटक्याविषयी अंगावर येणाऱ्या शक्तीसारखे बोलतात; मानसिक कारणाने झटके येणारे रुग्ण आपण एखाद्या जागी जाऊन आल्यासारखे वर्णन करतात, असा कल त्यांना आढळला. मधे न तोडता ऐकणे हे यामुळे निदानाचेच काम ठरते. ओईटी या आरोग्यसेवकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेतील संभाषणाचे प्रसंग मात्र सुमारे पाच-पाच मिनिटांचे असतात. तेवढ्यात खुला प्रश्न विचारून गप्प राहणे उमेदवारांना जड जाते, म्हणून त्याचा वेगळा सराव हवा.

मराठी भाषकांना अडचण येते ती 'चक्कर'ची. भोवताल गरगर फिरणे, अंधारी येणे आणि शुद्ध जाऊन पडणे, या सगळ्याला आपण सरसकट 'चक्कर आली' म्हणतो. भारतीय इंग्रजीत त्याचे 'गिडीनेस' होते आणि परदेशातल्या डॉक्टरला नेमके काय झाले ते कळत नाही. अशा वेळी खोली फिरत होती का आणि शुद्ध गेली होती का, हे दोन प्रश्न वेगळे विचारून त्यांची उत्तरे इंग्रजीत पूर्ण वाक्यांत लिहावीत.