खाडीबेडकाला मीठ कसे सोसावे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर, खाडीत सापडला म्हणून, अर्धा माणूस आणि अर्धा बेडूक अशा प्राण्याची चित्रफीत फिरत होती. ती बनावट होती, हे सांगायला जाणकार लागत नाही आणि तिच्याखाली हात जोडणाऱ्यांना सांगून उपयोगही नाही. माझी तक्रार निराळी आहे. रचणाऱ्याने त्या प्राण्याला बेडकाची ओली, उघडी कातडी दिली आणि भरतीच्या खाऱ्या पाण्यात सोडून दिले. काल्पनिक प्राणी खुशाल रचावा. पण त्याला मीठ कसे सोसेल, याचा हिशेब आधी मांडावा.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की घटकाभरात वाडग्यात पाणी सुटते. समुद्रात पडलेल्या बेडकाचे हेच होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर बेडकाच्या रक्तात विरघळलेल्या कणांचे प्रमाण त्याच्या जेमतेम पाव असते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. ज्या दाराने गोडे पाणी आत येते, त्याच दाराने खाडीत ते बाहेर जाते.

आग्नेय आशियातील कांदळवनांत राहणाऱ्या खेकडेखाऊ बेडकाने यावर तोड काढली आहे. तो लघवीतून टाकायचा युरिया रक्तातच साठवतो, त्यामुळे आतली संहती बाहेरच्या पाण्याच्या बरोबरीला येते आणि लिटरला सुमारे २८ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यातही तो तग धरतो. मुशीची, म्हणजे शार्क माशाची, युक्तीही हीच. शिळ्या मुशीला अमोनियाचा जो उग्र वास येतो, तो जिवाणूंनी फोडलेल्या या युरियाचा. मात्र युरिया वाढला की प्रथिनांच्या घड्या सैल पडतात. म्हणून मुशी ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड या संयुगाचा उतारा अंगात बाळगते. हा उतारा मी माझ्या काल्पनिक खाडीबेडकालाही देईन. डोळे मात्र निवटी या चिखलातल्या माशाकडून उसने घेईन, म्हणजे अंग चिखलात ठेवून वर पाहता येईल.

खरी अडचण पावसाळ्याची. नद्यांना पूर आला की खाडीच्या वरच्या अंगाचे पाणी गोडे होते आणि युरियाने भरलेले शरीर उलट पाणी ओढून फुगू लागते. म्हणून माझा खाडीबेडूक मृगाच्या सरींबरोबर साठवलेला युरिया मूत्रपिंडांवाटे टाकून देतो, कातळसड्यावरच्या डबक्यांत अंडी घालतो आणि पाणी पुन्हा खारट होऊ लागले की कांदळाच्या मुळांत परततो.